बिनसांध्याची फुले

रफूबाईला माणसांचा तिटकारा होता असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. तिला तिटकारा माणसांच्या टाक्यांचा होता; पण टाक्यांवरून माणूस ओळखण्याची सवय जडलेली असल्यामुळे तो तिटकारा कपड्यापाशी न थांबता अंगापर्यंत पोहोचत असे. बसमध्ये पुढच्या आसनावरच्या गृहस्थाची कॉलर उलटवून पुन्हा शिवलेली दिसली, आणि ती शिवणाऱ्या हाताने घाई केली आहे हेही दिसले, की त्या गृहस्थाच्या घरात कुणाचे कुणाशी पटत नाही इथपर्यंत तिचा तर्क पुढच्या थांब्याच्या आत जाऊन पोहोचे. तो बरोबर की चूक हे पडताळून पाहण्याची तिला कधी गरज वाटली नाही. चार भोकांचे बटण दोनच भोकांतून शिवणारा शिंपी तिच्या लेखी खिसेकापूच्या खालच्या पायरीवर उभा होता, कारण खिसेकापूच्या बोटांना निदान शिस्त असते.

एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, काउंटरमागच्या हिरव्या पडद्याआड, ती सव्वीस वर्षे रफूचे काम करत होती. तिची जागा म्हणजे पाठ नसलेले एक स्टूल, एक बुटके टेबल आणि उत्तरेची खिडकी. डोक्यावर धुतलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लोखंडी दांडीला टांगलेले असत, आणि शेजारी वाफेची इस्त्री दर अर्ध्या मिनिटाला सुस्कारा टाकी. दिव्याखाली ती काम करत नसे. दिव्याखाली रंग खोटे बोलतात, असे तिचे म्हणणे होते. आणि खोटे बोलायला दुकानात मालक पुरेसे आहेत, अशी पुस्ती ती इस्त्रीवाल्याला ऐकू जाईल इतपत आवाजात जोडत असे.

रफू म्हणजे भोक बुजवणे असे ज्यांना वाटते त्यांनी ते काम कधी जवळून पाहिलेले नसते. भोक कुणीही बुजवतो. वर ठिगळ मारले की ते बुजते. रफूगाराला भोक पडलेच नव्हते असे करायचे असते. त्यासाठी त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागेतून, एकेक धागा उपसून काढायचा. मूळ विणीत तो जसा वर-खाली जातो तसाच सुईने नेऊन बसवायचा. गाठ मारायची नाही, टोके विणीतच जिरवायची. मग ओला फडका ठेवून वाफ द्यायची, मऊ ब्रशने लव निजवायची, खडूची खूण झटकायची, आणि गळलेले सगळे धागे टेबलावरून आणि टेबलाखालून गोळा करून टाकून द्यायचे. हे शेवटचे काम ती सुईच्या कामाइतक्याच निगुतीने करी. केलेल्या कामाचा माग मागे ठेवणे तिला अडाणीपणाचे वाटे.

या धंद्याला एक नियमही आहे, जो कुठे लिहिलेला नाही आणि जो मोडलेला तिने कधी पाहिला नव्हता: भोक कुठे होते ते गिऱ्हाइकाखेरीज कुणाला सांगायचे नाही, आणि गिऱ्हाईक चारचौघांत समोर आले तर त्याच्या अंगावरचा कपडा ओळखायचा नाही.

या नियमाचा खरा फायदा दुकानाच्या मालकाने उचलला. पडद्यामागे एक बाई बसून रफू करते हे सांगण्यात त्याला गंमत वाटत नसे. त्याने गिऱ्हाइकांसाठी एक वयोवृद्ध गृहस्थ निर्माण केला होता. हा गृहस्थ बाहेरगावी राही, रोज सकाळी फक्त एक तास, तोही सूर्यप्रकाश चांगला असेल तरच, काम करी, आणि त्यामुळे कपडा परत मिळायला पंधरा दिवस लागत. वर्षे जात तसतसे मालक त्या गृहस्थात भर घालत गेला. आधी त्याला चष्मा आला, मग तो विधुर झाला, मग एका हिवाळ्यात त्याला खोकला जडला. पडद्यामागे बसून आपल्या हातच्या कामाचे श्रेय एका खोकणाऱ्या विधुराला जाताना ऐकणे ही शिक्षा रफूबाईने सव्वीस वर्षे भोगली, आणि आरंभीची बरीच वर्षे तर तिला ती शिक्षा वाटलीही नाही. काम दिसू नये हीच जर कामाची परीक्षा, तर करणाराही दिसू नये हे ओघाने आलेच, असे ती मानत होती.

हा समज मफलरने घालवला. एका बाईंचा लोकरी कोट दुकानात आला होता. राखाडी, माशाच्या काट्यासारखी वीण असलेला, आणि डाव्या खिशाच्या वर दोन बोटांवर वाटाण्याएवढे जळलेले भोक पडलेला. शेकोटीची ठिणगी उडाली, असे बाई काउंटरपाशी सांगत होत्या. पडद्यामागे रफूबाईने भोकाची तपकिरी गोल कड पाहिली, नाकाजवळ नेली, आणि ही शेकोटी दोन बोटांत धरण्याच्या मापाची होती हे तिला कळले. तिने चार दिवस खपून ते भोक नाहीसे केले. बाई इतक्या भारावल्या की त्यांनी त्या वयोवृद्ध कलावंतासाठी स्वतः विणलेला निळा मफलर पाठवला, खोकल्यासाठी म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तो मालकाच्या गळ्यात होता. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या एका टोकाचे दोन गोंडे गळाले, तेव्हा मालकाने तो काढून, जराही न अडखळता, रफूबाईपुढे टाकला. तिने गोंडे लावून दिले. लावताना तिच्या मनात पहिल्यांदा असे आले की आपले नाव एकदा तरी, कुठेतरी, सरळ अक्षरांत लिहिलेले असावे.

घरी परिस्थिती वेगळी होती असे नाही. रफूबाईचा नवरा वारल्यापासून ती खालच्या मजल्यावर एकटी राही. वर थोरले दीर आणि जाऊबाई. दोन्ही मजल्यांना जोडणारा जिना एकच, आणि त्या जिन्याची भिंत जाऊबाईंनी व्यापलेली. जाऊबाई छंदवर्गाला जात. पायरीगणिक त्यांची एकेक कलाकृती फ्रेममध्ये लटकत होती: बटणांचे मोर, लोकरीचे सूर्यास्त, गोंदाने चिकटवलेल्या चिंध्यांची फुले, आणि प्रत्येकीच्या खाली त्यांची वळणदार सही, वर्षासकट. रफूबाई हा जिना चढताना नेहमी कठड्याकडे बघत असे.

एकदा जाऊबाईंनी तिला वर्गाला नेले. रफूबाई तासभर बसली. गरम गोंदाची पिस्तुले फुसफुसत होती, शिकवणारी बाई टाक्यांना श्वास घेऊ द्या असे सांगत होती, आणि टाक्यांनी हा सल्ला इतका मनावर घेतला होता की दोन टाक्यांच्या मधून अंगठा जावा. परतताना जाऊबाईंनी कसे वाटले म्हणून विचारले. रफूबाई म्हणाली, हवेशीर आहे. जाऊबाईंच्या नाकाला मिरची झोंबली. पण त्या थोरल्या होत्या, आणि थोरलेपणाची एक ठरलेली सहनशीलता त्यांच्याजवळ होती.

“तुझं काम चांगलंच आहे गं,” त्या म्हणाल्या, “पण त्यात दाखवण्यासारखं काही नाही ना. भिंतीवर काय लावणार तू, लोकांच्या पँटी?”

हे वाक्य रफूबाई विसरली नाही. ते खरे असल्यामुळे विसरणे आणखी अवघड होते.

त्याच सुमारास गावच्या वाचनालयाचे परिपत्रक जिन्याखालच्या टपालपेटीत पडले. “चिंधीतून चैतन्य” असे प्रदर्शन भरणार होते. परिपत्रकाची भाषा अशी होती की चिंधीला वाचता आले असते तर ती संकोचाने विरून गेली असती: टाकून दिलेल्या वस्त्रखंडांतील सुप्त सर्जनशीलतेचा पुनर्जन्म, वगैरे. पण शेवटच्या परिच्छेदात कामाची गोष्ट होती. किमान पंचवीस वेगवेगळे तुकडे जोडून, मध्ये कापसाचा थर भरून, गोधडीसारखे टाके घालून फुलांचा एक छोटा भित्तिपट करायचा. निवडलेले पाच पट वाचनालयाच्या वाचनकक्षात कायमचे लागतील, आणि प्रत्येकाखाली पितळी पट्टीवर करणाऱ्याचे संपूर्ण नाव कोरले जाईल. जाऊबाई त्या वस्तूला वॉल हँगिंग म्हणत. रफूबाईने तिला शेवटपर्यंत तुकडाच म्हटले. पण पितळी पट्टी हे शब्द तिने दोनदा वाचले आणि परिपत्रक घडी घालून सुयांच्या डबीखाली ठेवले.

कापड तिला विकत घ्यावे लागले नाही. आखूड केलेल्या पँटींच्या पट्ट्या, झग्यांचे कापलेले घेर, कुणी न्यायला न आलेल्या पडद्याची कड, अस्तरांचे तुकडे, असे बरेच काही इस्त्रीवाला रोज झाडून बाहेर टाकी. त्यातून तिने निवडले. फूल एकच: पाच पाकळ्यांचे, लाल, देठाशी जरा झुकलेले, सोबत दोन कळ्या आणि सात पाने. पार्श्वभूमीला अकरा शर्टांच्या खालच्या दुमडी, ज्यांना जगाने पांढरे म्हटले असते आणि ज्यांत रफूबाईला अकरा रंग दिसत होते. ते तिने असे लावले की प्रकाश डावीकडून येतो आहे असे वाटावे. पाकळ्यांना लाल बारा प्रकारचे लागले. त्यांत एका शाळेच्या गणवेशाचा लाल होता, एका रेशमी टायचे शेपूट होते, आणि एका झग्याचा घेर होता, जो धुताना फिका पडला म्हणून मालकाशी कडाक्याचे भांडण झाले होते. सगळे मिळून एकसष्ट तुकडे. आकार म्हणाल तर दीड वीत रुंद आणि दोन वीत लांब.

इथवर जे झाले ते कुणीही केले असते. पुढे तिने जे केले ते फक्त तीच करू शकत होती, आणि त्यानेच तिचा घात केला. एका तुकड्यावर दुसरा ठेवून कडेने शिवणे हा जगाचा रिवाज. त्यात कड दिसते, टाका दिसतो, आणि दिसणाऱ्या टाक्याला तिच्या हाताने सव्वीस वर्षे शत्रू मानलेले होते. तिने तुकड्याला तुकडा भिडवला. एका लालातले धागे दुसऱ्या लालाच्या विणीत अर्धे बोट आत नेऊन जिरवले, दुसऱ्यातले पहिल्यात आणले, आणि मध्ये रेघ उरू दिली नाही. गणवेश कुठे संपतो आणि टाय कुठे सुरू होतो हे सांगता येईना; पाकळी कडेला फिकी होती आणि मुळाशी गर्द, एवढेच दिसे. खाली जुन्या चादरीचे अस्तर, मध्ये कापूस. आणि तिन्ही थर पकडणारा धावदोरा तिने दर दोन बोटांवर दोऱ्याचा रंग बदलत, विणीच्या खाचेतून असा नेला की उठाव दिसावा आणि टाका दिसू नये.

सात महिन्यांचे रविवार तिने स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून या कामाला दिले. जाऊबाई जिन्यावरून येता-जाता दारातून डोकावत, आणि झालं का गं तुझं एक फूल, आमच्या बागा फुलून सुकल्या, असे काहीतरी म्हणून पुढे जात. काम संपले त्या दिवशी रफूबाईने तुकडा खिडकीशी उभा धरला, कोन बदलत पाहिला, आणि तिला त्यात एकही सांधा सापडला नाही. तिला समाधान वाटले. मग नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे तिने उरलेल्या चिंध्या, उपसलेले धागे, कातरलेल्या कडा, सगळे गोळा करून कचऱ्यात टाकले आणि टेबल ओल्या फडक्याने पुसले. कुणी पुरावा मागेल हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात होते. हिवाळ्याचे दिवस, दारापाशी कोट टांगायला खुंट्या होत्या, पण सभागृह तापवण्याचे यंत्र बंद पडल्याने सगळे कोट घालूनच फिरत होते. लांब टेबलांवर चाळीसेक पट मांडले होते, प्रत्येकापुढे एक क्रमांक, आणि स्पर्धक आपापल्या टेबलामागे उभे. मुख्य परीक्षकबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. धूम्रपानाविरुद्ध शाळाशाळांतून व्याख्याने देणाऱ्या म्हणून गावात त्यांचा दबदबा होता, आणि प्रत्येक वस्तूकडे ती वर्गाबाहेर उभी केलेली असावी तसे पाहण्याची त्यांची रीत होती. त्या दारातून आत आल्या तेव्हाच रफूबाईने त्यांच्या अंगावरचा राखाडी कोट ओळखला, आणि नियमाप्रमाणे ओळखला नाही.

परीक्षकबाई आधी जाऊबाईंच्या टेबलापाशी थांबल्या. तिथे परडीभर फुले होती. प्रत्येक पाकळी काळ्या दोऱ्याने दातेरी शिवलेली, प्रत्येक मध्यावर एक बटण. दोऱ्याची टोके मागे लोंबत होती. परीक्षकबाईंनी टाक्यांतील प्रामाणिकपणाची प्रशंसा केली, हाताचा कंप कसा जपला आहे ते सोबतच्या दोघा परीक्षकांना दाखवले, आणि त्या दोघांनी वहीत तसे लिहून घेतले. जाऊबाईंचा हात कधी थरथरला असेल तर तो फ्रेमखाली सही करतानाच. पण त्यांनी मान विनयाने खाली घातली.

मग त्या रफूबाईच्या टेबलाशी आल्या. तुकडा त्यांनी उचलला, हातभर लांब धरला, उलटा करून अस्तर पाहिले, पुन्हा सुलटा केला.

“बाई, हे छापील कापड आहे,” त्या म्हणाल्या. “उशीचा अभ्रा असावा. तुम्ही कापूस भरलात, कडा शिवल्यात, छान आहे. पण नियम तुम्ही वाचलेले दिसत नाहीत.”

रफूबाई म्हणाली, एकसष्ट तुकडे आहेत. परीक्षकबाईंनी चष्मा चढवला, उतरवला, आणि मग तुकडा दुसऱ्या परीक्षकापुढे धरला. त्याने बोटाने पाकळी चाचपली आणि छपाई उत्तम असल्याचे मत दिले. तिसऱ्याने असाच अभ्रा आपल्या मेहुणीकडे पाहिल्याचे सांगितले. आसपासचे स्पर्धक जवळ सरकले. आपल्यातले कुणीतरी पकडले गेले आहे याची जी उबदार भावना अशा वेळी पसरते, ती बंद यंत्राची उणीव भरून काढू लागली.

पाच पटांची यादी आजच लागायची होती. पितळी पट्टी आणि रफूबाई यांच्यामध्ये आता एकच गोष्ट उभी होती: तिचे काम चांगले झाले होते. परीक्षकबाईंनी, आपण अन्याय करत नाही हे सर्वांना दिसावे म्हणून, एक उदार तोडगा काढला. एक पाकळी उसवून दाखवा, त्या म्हणाल्या. तुकडा सुटा झाला तर मान्य करू. रफूबाईने जाऊबाईंकडे पाहिले. सात महिने दारातून डोकावणारी ती एकमेव साक्षीदार होती. जाऊबाई पर्सची चेन उघडत-मिटत होत्या. यादीत पाचच जागा होत्या, हेही त्यांना ठाऊक होते.

“अगं, उसव ना एक,” अखेर त्या म्हणाल्या. “परत शिवशील. तुला काय अवघड?”

सव्वीस वर्षांत रफूबाईने स्वतःचे काम कधी उसवले नव्हते. उसवण्यासारखे केलेच नव्हते. तिने तुकडा परीक्षकबाईंच्या हातून काढून घेतला आणि टेबलावर सरळ ठेवला. उसवणार नाही, ती म्हणाली. परीक्षकबाईंनी खांदे उडवून पुढच्या टेबलाकडे पाय उचलला. तेव्हा रफूबाईने तो न लिहिलेला नियम मोडला; आणि मोडतानाही, सवयीने, फक्त अर्धाच मोडला.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमच्या कोटावर शेकोटीची ठिणगी पडली होती. भोक कुठे होतं ते दाखवाल का यांना? शोधून?”

या कोटाला भोक वगैरे कधी पडलेले नाही, असे परीक्षकबाई ठामपणे म्हणाल्या. पण तोंड हे म्हणत असताना त्यांचा डावा हात खिशाच्या वर दोन बोटांवर जाऊन बसला होता, आणि तो तिथून उठेना. दुसऱ्या परीक्षकाने त्या हाताकडे पाहिले. तिसऱ्यानेही पाहिले. शेकोटी हा शब्द रफूबाईने ज्या सौजन्याने उच्चारला होता त्याचा अर्थ मात्र एकट्या परीक्षकबाईंना कळला. त्यांचा चेहरा प्रथम कोटाच्या आणि नंतर फुलाच्या रंगाचा झाला.

“ते काम बाहेरगावच्या एका वयस्कर गृहस्थांनी केलंय,” त्या घाईने म्हणाल्या. “फार मोठे कलावंत आहेत ते. मी त्यांना मफलर पाठवला होता.”

“निळा,” रफूबाई म्हणाली. “तो आमच्या मालकांच्या गळ्यात आहे. एका टोकाचे दोन गोंडे गळाले होते, ते मीच लावलेत. तेही शोधा.”

यानंतर जे झाले ते परीक्षकांच्या वहीत वेगळ्या शब्दांत नोंदलेले आहे. त्या नोंदीप्रमाणे समितीने सखोल विचारविनिमयाअंती तंत्रावरील असाधारण प्रभुत्व लक्षात घेऊन क्रमांक सव्वीसचा पट निवडला. प्रत्यक्षात परीक्षकबाईंनी हात न उचलता मानेनेच होकार दिला, आणि पुढची सगळी टेबले एका हाताने तपासली. जाऊबाईंची परडी सहावी आली.

घरी परतताना जाऊबाईंनी दोन चौक भराभर चालून काढले. मग म्हणाल्या, मी बोलणारच होते, पण तू मध्येच त्या कोटावर गेलीस. रफूबाई म्हणाली, हो, तुमच्या चेनचा आवाज येत होता मला. जिन्यापाशी आल्यावर जाऊबाई वर गेल्या. दुसऱ्या दिवशी बटणांचा एक मोर भिंतीवरून कमी झालेला होता. तो कीड लागून उतरवला की आणखी कशाने, हे विचारायला रफूबाई वर गेली नाही.

मालकापर्यंत बातमी सोमवारी पोहोचली. तो पडदा सारून आत आला तेव्हा त्याच्या गळ्यात काही नव्हते. सबंध गावात हसे झाले, तीन गिऱ्हाइके सकाळपासून विचारून गेली की ते वयोवृद्ध गृहस्थ आहेत तरी की नाहीत, आणि एका बाईने आपला स्कर्ट रफू न करताच परत नेला, असा त्याच्या तक्रारीचा सारांश होता.

“बाई, तुम्ही दुकानाचं नाव घालवलंत,” तो म्हणाला.

“जाईल कुठे?” रफूबाई मान वर न करता म्हणाली. “बाहेरगावी पाठवलं असेल. पंधरा दिवसांनी बघा.”

इस्त्रीने सुस्कारा टाकला. मालकाने वर दांडीकडे पाहिले. तिला काढून टाकण्याचा विचार त्याच्या डोक्यात आला असणार. पण दांडीवर चार कोट आणि एक शाल रांगेत होती, आणि बाहेरगावी खरोखर कुणी नव्हते. त्याने पडदा सोडला. त्या दिवसापासून काउंटरवर तो रफूचा विषय निघाला की नुसते “करून देऊ” असे म्हणू लागला. कोण करून देईल हे सांगण्यापर्यंत त्याचा सच्चेपणा काही गेला नाही.

पट वाचनकक्षात लागला. वर्तमानपत्रांच्या मांडणीशेजारी, खिडकीपासून दूर, जिथे प्रकाश उजवीकडून येतो अशा जागी. खाली पितळी पट्टीवर रफूबाईचे नाव, वडिलांचे आणि नवऱ्याचे नाव धरून, संपूर्ण कोरलेले. समितीने त्यापुढे आणखी काही लिहिण्याचा खर्च वाचवला होता. बाकीच्या चार पटांखाली लिहिण्याची गरजच नव्हती. तिथे कात्री कुठे अडखळली हे दहा पावलांवरून दिसे, आणि वाचकांना कळे की या खालच्या बाईंनी हे वर केले आहे. रफूबाईच्या पटापाशी मात्र त्यांना एक सुबक छापील कापड दिसे आणि खाली एक नाव. साहजिकच त्यांनी ठरवले की हे नाव ते चित्र वाचनालयाला भेट म्हणून देणाऱ्या देणगीदाराचे असावे.

रविवारी आता तिच्या हातात काम नसते. ती वाचनकक्षात येते, वर्तमानपत्र घेते, आणि पटाखालच्या खुर्चीत बसून समोरच्यांच्या कॉलरी, बाह्या आणि बटणपट्ट्या वाचते. मागल्या रविवारी शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या सद्गृहस्थांनी पितळी पट्टीकडे बोट केले. अशी दानशूर माणसे आता उरली नाहीत, असे ते म्हणाले, आणि ही मंडळी तुमच्या ओळखीची का, असेही त्यांनी विचारले. त्यांच्या स्वेटरचे उजवे कोपर उसवलेले होते आणि कुणीतरी ते वेगळ्याच तपकिरी लोकरीने, आडवे-तिडवे, निर्लज्जपणे ओढून घेतले होते.

“नात्यातली आहे,” रफूबाई कोपरावरून नजर न काढता म्हणाली. “लांबच्या.”